खड्याचा कोलँजायटिस आणि गाठीचा कोलँजायटिस

भंडाऱ्याच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी त्यांच्या काकाजींना हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले, पोटात उजव्या बाजूला वर दुखू लागलं. नागपुरात ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण आत नेऊन, पित्तनलिकेतला (लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेणाऱ्या वाटेतला) खडा काढला आणि पाचव्या दिवशी काकाजी घरी परतले. यंदा सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. कावीळ कमी व्हावी म्हणून पित्तनलिकेत नळी, म्हणजे स्टेंट, टाकली. अडीच महिन्यांनी थंडी-ताप आला, बीपी पडलं, आयसीयूत ठेवावं लागलं, नळी बदलावी लागली. दोघांच्याही डिस्चार्ज कार्डावर नाव एकच आहे, ‘ॲक्यूट कोलँजायटिस’, म्हणजे पित्तनलिकेतला तीव्र जंतुसंसर्ग. ताई विचारतात : आजार एकच, तर फरक एवढा का? उपचारात कुठे कमी पडलं का? आणि नळी बदलून तीन आठवडे झाले तरी मामाजींचे डोळे पिवळेच कसे?

मामाजींच्या उपचाराबद्दल कागद न बघता मी मत देणार नाही. पण फरक का पडला, हे मात्र सांगता येतं. डिस्चार्ज कार्डावर निदान अर्धंच लिहिलं जातं. राउंडला रेसिडेंट म्हणाला, ‘सर, कोलँजायटिस आहे,’ की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कशाचा? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय हा माणूस पाच दिवसांत घरी जाईल की वर्षभर आपल्याकडे येत राहील, याचा अंदाज बांधता येत नाही.

कोलँजायटिस व्हायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : पित्तात जंतू हवेत आणि पित्ताची वाट अडलेली हवी. नुसते जंतू असले तर पित्ताच्या प्रवाहाबरोबर ते आतड्यात वाहून जातात. नुसती वाट अडली तर कावीळ होते, खाज सुटते, पण ताप येईलच असं नाही. दोन्ही जमलं की घात होतो. पित्तनलिकेतला दाब एरवी पाण्याच्या ७ ते १४ सेंटीमीटरइतका असतो. तो २०-२५ च्या वर गेला की पित्त उलट्या दिशेने लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतं, आणि त्याबरोबर जंतू रक्तात जातात. दात वाजेपर्यंत थंडी भरते ती यामुळे. याच वाढलेल्या दाबामुळे अँटिबायोटिकही पित्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून ‘आधी औषधाने ताप आणू खाली, मग बघू नळीचं’ हे सौम्य आजारात एखादा दिवस चालतं. बीपी पडलेल्या माणसात चालत नाही.

पहिल्या काही तासांत कारणाने फारसं अडत नाही. खडा असो, गाठ असो, सलाइन सुरू करायचं, रक्ताचं कल्चर (कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी) काढून लगेच अँटिबायोटिक द्यायचं, लघवी किती होते ते मोजायचं, आणि वाट मोकळी करायची तयारी ठेवायची. कारण बोलायला लागतं ते वाट मोकळी करायची वेळ आली की. ती किती सहज आणि किती पूर्ण उघडेल, आत कोणते जंतू असतील आणि उघडलेली वाट पुन्हा तुंबेल का, या तिन्हींची उत्तरं अडथळा कशाचा आहे यावर अवलंबून असतात.

काकाजींचं घ्या. पित्तनलिकेत खडा असलेल्या माणसाच्या पित्तात जंतू आधीपासून बस्तान मांडून असतात. खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावर त्यांची वसाहतच असते. खडा पुढेमागे सरकतो, कधी अडतो कधी सुटतो. त्यामुळे दुखतं, ताप लवकर येतो आणि माणूस दवाखान्यात लवकर पोचतो. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ घडवणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, बहुधा बेताचंच वाढलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे आठ दिवसांपूर्वी हा माणूस धडधाकट होता, शेतावर जात होता, नीट जेवत होता. शरीरात राखीव ताकद असते.

अडथळा बहुधा नलिकेच्या खालच्या टोकाला, आणि एकच. ईआरसीपीत दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नलिकेचं तोंड थोडं कापायचं, फुग्याने किंवा बास्केटने खडा ओढून काढायचा. खडा निघाला की रोगाचं मूळच निघालं. रुग्ण फारच आजारी असेल, रक्त गोठण्यात गडबड असेल, तर खड्याला त्या दिवशी हात न लावता बाजूने एक प्लास्टिकचा स्टेंट सरकवून बाहेर यायचं. खडा काय, पंधरा दिवसांनीही निघतो. बीपीच्या औषधांवर असलेल्या रुग्णात ‘आता आत गेलोच आहोत तर’ म्हणत खड्याशी झटापट करत बसणं मला पटत नाही.

हा उपचार किती फरक पाडतो, हे १९९२ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दाखवलं. गंभीर कोलँजायटिसच्या ८२ रुग्णांपैकी काहींची पोट उघडून शस्त्रक्रिया केली, काहींची दुर्बिणीतून वाट मोकळी केली. शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के दगावले, दुर्बिणीच्या गटात १० टक्के. जगभरची पद्धत या अभ्यासाने बदलली. पण एक बारकावा सहज निसटतो : ते सगळे रुग्ण खड्याचे होते. तिथला आकडा उचलून गाठीच्या रुग्णाच्या नातेवाइकांना सांगता येत नाही.

खड्याच्या रुग्णाचं पुढे बिनसतं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक, पित्ताशय तसंच राहतं. नलिकेतला खडा आला कुठून? पित्ताशयातून. तिथे आणखी दहा बसलेले आहेत. शक्य असेल तर त्याच भरतीत, नाहीतर थोड्याच आठवड्यांत दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकावं. आपल्याकडे ताप उतरला की ‘आता बरं वाटतंय, धान कापणी झाली की येतो’ असं म्हणून माणूस जातो, तो पुढच्या हल्ल्यालाच परत येतो.

दुसरं म्हणजे विसरलेला स्टेंट, आणि यावर जरा थांबतो, कारण नागपुरात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार बघावं लागतं. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. आत जंतूंचा थर चढतो, पित्ताचा गाळ साचतो, छिद्र बंद होतं. रुग्ण बालाघाटचा, शिवनीचा किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातला असतो. कावीळ उतरलेली असते, दुखत नसतं. पोटात काही ठेवलंय हेच घरच्या अर्ध्या लोकांना माहीत नसतं. फाइल धान्याच्या कोठीमागे गेलेली असते. दोन-तीन वर्षांनी तो थंडी-ताप घेऊन येतो तेव्हा स्टेंटभोवती नवा खडा तयार झालेला असतो, कधी स्टेंट आणि खडा मिळून एकच दगड. मुळात सर्वांत सोपा असलेला आजार सर्वांत अवघड झालेला असतो. स्टेंट टाकलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख मोठ्या अक्षरात हवी, आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्येही. मी मुलाला आणि सुनेला समोर बसवून रिमाइंडर लावून घेतो. कोणाला चमत्कारिक वाटतं, पण त्याचा उपयोग होतो.

आता मामाजी. स्वादुपिंडाच्या किंवा नलिकेच्या गाठीने वाट हळूहळू आवळत जाते आणि शेवटी पूर्ण बंद होते. दुखणं फारसं नसतं. कावीळ मात्र गडद, अंगाला खाज, शौचाचा रंग पांढरट. विशेष म्हणजे इतकं सगळं अडलेलं असूनही पित्त बऱ्याचदा जंतुविरहित असतं, म्हणून सुरुवातीला ताप नसतो. मग कोलँजायटिस येतो कुठून? पुष्कळदा आमच्याच हातून. नलिकेच्या तोंडाशी एक झडप असते, ती आतड्यातले जंतू वर येऊ देत नाही. स्टेंट टाकला की ती झडप कायमची उघडी राहते. पित्त खाली येतं तसे जंतूही वर चढतात. स्टेंट चालू आहे तोवर बिघडत नाही. तो तुंबला की जंतू आणि दाब एकत्र येतात. अडीच महिन्यांनी मामाजींना आलेला ताप या वेळापत्रकात बसतो. पहिली नळी प्लास्टिकची होती का, हे विचारून बघा.

हे नुसतं माझं मत नाही. २०१० साली नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरच्या २०२ रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बिलिरुबिन साधारण २.३ ते १४.६ मिलिग्रॅमच्या दरम्यान असलेल्या, शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्या रुग्णांपैकी अर्ध्यांना आधी स्टेंट टाकून कावीळ उतरवली आणि मग ऑपरेशन केलं. अर्ध्यांचं थेट ऑपरेशन. गंभीर गुंतागुंत थेट गटात ३९ टक्के, स्टेंटच्या गटात ७४ टक्के. आधी स्टेंट टाकलेल्यांत कोलँजायटिसही कितीतरी जास्त झाला. त्यात स्टेंट प्लास्टिकचे होते, हे लक्षात ठेवूनही यातला धडा महत्त्वाचा आहे : गाठ लवकर काढता येणार असेल आणि ताप नसेल, तर केवळ पिवळेपणा बघवत नाही म्हणून स्टेंट टाकू नये. कोलँजायटिस झालेला असेल, बिलिरुबिन फार वर गेलं असेल, ऑपरेशन लांबणार असेल किंवा आधी केमो द्यायची असेल, तर स्टेंट हवाच. आणि मग धातूचा असलेला बरा. धातूच्या स्टेंटचं छिद्र रुंद असतं, तो महिनोन्‌महिने चालतो. अर्थात तोही तुंबतो. कधी जाळीतून गाठ आत वाढते, कधी अन्नाचे कण वर चढतात.

जंतूंचाही फरक पडतो. घरून पहिल्यांदाच आलेल्या खड्याच्या रुग्णात बहुधा ई. कोलाय किंवा क्लेबसिएला सापडतो. दोनदा स्टेंट झालेल्या, तीन वेळा भरती झालेल्या, केमोवर असलेल्या माणसात एन्टेरोकॉकस, सुडोमोनास, कधी बुरशीसुद्धा, आणि तेही नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. आपल्या देशात साधा ई. कोलायसुद्धा पुष्कळ अँटिबायोटिक्सना जुमानत नाही, तिथे हे तर दवाखान्यात वाढलेले. म्हणून अशा रुग्णाच्या मागच्या कल्चरचा रिपोर्ट मला सीटी स्कॅनइतकाच मोलाचा वाटतो. रात्री दोन वाजता कोणतं औषध सुरू करायचं हे त्यावर ठरतं. पहिलं औषध चुकीचं निवडलं गेलं आणि दोन दिवस त्यात गेले, तर नंतर वाट कितीही छान मोकळी केली तरी किडनी मागे पडलेली असते.

गाठीतही सगळ्या गाठी सारख्या नाहीत. अडथळा खालच्या टोकाला असेल, मामाजींसारखा, तर एका स्टेंटने संपूर्ण लिव्हरचं पित्त उतरतं. पण नलिकेच्या वरच्या भागात, जिथे लिव्हरच्या उजव्या-डाव्या शाखा एकत्र येतात तिथे गाठ असेल, तर गणित वेगळं होतं. नदीवर संगमाच्या खाली बांध असेल तर एक दार उघडून भागतं; संगमच बुजला असेल तर प्रत्येक उपनदीला स्वतंत्र वाट काढून द्यावी लागते. आपल्या मध्य भारतात पित्ताशयाचा कॅन्सर लिव्हरच्या मुळाशी पसरून नेमकी हीच जागा धरतो. अशा वेळी लिव्हरचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा होईल असं बघावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे ईआरसीपी करताना एखाद्या शाखेत एक्स-रेत दिसणारं औषध गेलं आणि ती शाखा मोकळी करता आली नाही, तर तिथे जंतू कोंडले जातात आणि प्रक्रियेनंतरच कोलँजायटिस होतो. म्हणून अशा रुग्णाला दुर्बिणीच्या टेबलावर घेण्याआधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) बघून, कोणत्या शाखांना नळी द्यायची ते ठरवूनच आत जावं. बऱ्याचदा त्वचेतून सुई घालून लिव्हरमधून नळी टाकणं, ज्याला पीटीबीडी म्हणतात, हाच सरळ मार्ग असतो. कमरेला पिशवी लागते, रुग्णाला ती नको असते, पण तापापासून सुटका होते. पिशवीतून रोज पित्ताबरोबर पाणी आणि क्षार जातात, उन्हाळ्यात नागपूरच्या ४५ अंशांत तर विचारू नका. ते भरून काढायला घरच्यांना शिकवावं लागतं.

१९८९ साली फ्रान्समधला कोलँजायटिसच्या ४४९ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचा धोका कशाने वाढतो, हे त्यात शोधलं होतं. किडनी निकामी होणं, लिव्हरमध्ये गळू, सिरॉसिस, वाढतं वय यांच्या जोडीला त्या यादीत नलिकेच्या वरच्या भागातली कॅन्सरची आवळण वेगळी नोंदलेली आहे. त्यानंतर साधनं खूप सुधारली. तरी आजही दुर्बीण घेऊन खोलीत शिरताना मी सर्वांत जास्त धास्तावतो तो याच रुग्णासाठी.

इथे एक गफलत होते, विशेषतः आकडे वाचणाऱ्यांची. गाठीच्या रुग्णांत कोलँजायटिसनंतर मृत्यू जास्त, असं वाचलं की संसर्गच जास्त मारक असावा असं वाटतं. पहिल्या पंधरा-वीस दिवसांतला मृत्यू आणि सहा महिन्यांनंतरचा मृत्यू वेगळे मोजायला हवेत. पहिला बहुधा संसर्गाचा, दुसरा बहुधा कॅन्सरचा. मधल्या काळात जे होतं ते दोघांच्या मधलं : ताप आला म्हणून केमो लांबली, केमो लांबली म्हणून गाठ वाढली, गाठ वाढली म्हणून स्टेंट तुंबला. हे चक्र कुठे तोडायचं हा खरा प्रश्न असतो, आणि तो पोटाच्या डॉक्टरने एकट्याने सोडवायचा नसतो; ऑन्कोलॉजिस्टशी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांशी, फोनवर बोलल्याशिवाय स्टेंटचा प्रकारसुद्धा ठरवू नये असं माझं मत आहे.

तीव्रता मोजायच्या पद्धतीतही कारण लपून बसतं. आम्ही टोकियोची मार्गदर्शक तत्त्वं वापरतो. २००७ मध्ये आली, २०१३ आणि २०१८ मध्ये सुधारली. त्यात तीन पायऱ्या आहेत. बीपी, मेंदू, श्वास, किडनी, रक्त गोठणं, प्लेटलेट यांपैकी काहीही बिघडलं की तिसरी, सर्वांत गंभीर. मधल्या पायरीसाठी पाचपैकी दोन गोष्टी लागतात : पांढऱ्या पेशी १२ हजारांच्या वर किंवा ४ हजारांच्या खाली, ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा जास्त, वय ७५ किंवा जास्त, बिलिरुबिन ५ किंवा जास्त, आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, बरंच घसरलेलं. आता बघा, गाठीच्या रुग्णाचं बिलिरुबिन ताप येण्याआधीच १५ असतं आणि दोन महिने अन्न न गेल्याने अल्ब्युमिन घसरलेलं असतं. म्हणजे त्याला साधा ताप आला तरी तो मधल्या पायरीवर बसतो. उलट केमो चालू असलेल्या माणसात पेशी कमी असल्याने संसर्गाची लक्षणं कधी दबून राहतात, आणि तो आहे त्यापेक्षा बरा दिसतो. आयएनआरचंही, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीतल्या आकड्याचंही, तसंच. दीड महिना पित्त आतड्यात न उतरल्याने व्हिटॅमिन ‘के’ शोषलं जात नाही आणि आयएनआर १.५ च्या वर जातो. इंजेक्शन दिलं की दिवसभरात सुधारू लागतो. संसर्गाने बिघडलेला आयएनआर असा ऐकत नाही. पायऱ्या वापराव्यात, मीही वापरतो. पण रुग्णाच्या उशाशी उभं राहून कालच्यापेक्षा आज लघवी कमी झाली का, बोलण्यात गोंधळ आहे का, हे बघण्याची जागा त्या घेत नाहीत.

विदर्भात राहून सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, विषय टाळता येत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे हा आजार आहे. लाल पेशी सतत फुटत राहिल्याने बिलिरुबिन जास्त बनतं आणि पित्ताशयात काळे रंगद्रव्याचे खडे लहान वयातच तयार होतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पित्तनलिकेत खडा असू शकतो, हे मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला क्षणभर आठवणार नाही, इथल्याला आठवलं पाहिजे. पण अडचण पुढे आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे एरवीही पिवळसर असतात, पोटदुखीचा झटका एरवीही येतो, पांढऱ्या पेशी एरवीही जास्त असतात. म्हणजे कोलँजायटिसची निम्मी लक्षणं त्याच्या रोजच्या आयुष्यात आहेतच. शिवाय याच आजारात लिव्हरच्या आतल्या आत पेशी अडकून बिलिरुबिन प्रचंड चढतं आणि नलिका मात्र अगदी मोकळ्या असतात. अशा रुग्णात ईआरसीपी करून फायदा काहीच नाही, धोका भरपूर. म्हणून पित्त अडलं की रक्तात वाढणारे दोन आकडे, थेट (डायरेक्ट) बिलिरुबिन किती आणि अल्कलाइन फॉस्फटेज किती, सोनोग्राफीत नलिका फुगली आहे का, हे बघून, शंका असेल तर एमआरसीपी करूनच पाऊल उचलावं. आणि खरंच कोलँजायटिस असेल तर थांबू नये, कारण यांची प्लीहा निकामी झालेली असते आणि संसर्ग झपाट्याने पसरतो. प्रक्रियेत पाणी कमी पडू द्यायचं नाही, ऑक्सिजन घसरू द्यायचा नाही, एसीच्या गारठ्यात उघडं ठेवायचं नाही.

बाकी कारणं झटपट सांगतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये नलिकेला इजा होऊन पुढे आवळण झाली तर मृत्यू लगेच ओढवत नाही, पण वर्षानुवर्षं परत परत ताप येतो आणि दुर्लक्ष झालं तर लिव्हरचा सिरॉसिस होतो; इथे वर्षभर स्टेंट बदलत राहण्याचा कंटाळा करायचा नाही, किंवा अनुभवी सर्जनकडून नलिका आतड्याला जोडून घ्यायची. तशी जोडणी झालेल्यांना पुढे ताप आला तर नेहमीची दुर्बीण तिथे पोचत नाही, हे दाखल होतानाच सांगावं. दीर्घकाळ सुजलेल्या स्वादुपिंडामुळे नलिका आवळली असेल तर स्टेंट लांबचा सोबती ठरतो. जंत नलिकेत शिरल्याचे रुग्ण अधूनमधून दिसतात. जंत ओढून काढला की ते लख्ख बरे होतात.

उशीर हा मात्र सगळ्या कारणांवर मात करणारा घटक आहे. कावीळ म्हटलं की आपल्याकडे आधी ‘उतरवणारा’ शोधला जातो. गळ्यात काडीची माळ, नाकात थेंब, मनगटावर डाग, वर उसाचा रस. व्हायरल कावीळ आपली आपण उतरते, म्हणून यांचं नाव टिकून आहे. नलिका अडलेल्या माणसाचे त्यात पंधरा दिवस जातात. कावीळ आणि त्याबरोबर थंडी वाजून ताप, ही जोडी दिसली की त्याच दिवशी सोनोग्राफी आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या होऊ शकतील अशा ठिकाणी जावं. भंडारा, चंद्रपूर, गोंदियातही त्या होतात. बीपी पडलेलं असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि सलाइन तिथेच सुरू करून मगच ईआरसीपीची सोय असलेल्या दवाखान्याकडे निघावं. युरोपातल्या २०१९ च्या शिफारशींनुसार अशा अत्यवस्थ रुग्णाची वाट १२ तासांत मोकळी व्हायला हवी. मधल्या पायरीच्या रुग्णाला ४८ ते ७२ तास मिळतात. गडचिरोलीहून निघालेल्याचे यातले चार तास रस्त्यातच जातात, म्हणून पहिला डोस तिथे द्यायचा हे पुन्हा सांगतो.

मामाजींसाठी पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा : आताची नळी प्लास्टिकची की धातूची, प्लास्टिकची असेल तर बदलायची तारीख कोणती, कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला आणि त्याला कोणती औषधं लागू पडली, आणि केमो कधी सुरू करता येईल. रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुन्हा थंडी भरून आली तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीच कॅज्युअल्टीत न्या आणि सांगा की यांना पित्तनलिकेत स्टेंट आहे. एवढ्या एका वाक्याने तिथल्या ड्युटी डॉक्टरचा तासभर वाचतो.

आणि पिवळे डोळे. महिना-दोन महिने कावीळ राहिली की बिलिरुबिनचा एक भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला कायमचा चिकटतो. तो लघवीतून जात नाही. अल्ब्युमिनचं आयुष्य संपेल तसा, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत निम्मा या गतीने, तो कमी होतो. काकाजींची कावीळ चार दिवसांचीच होती, म्हणून झरझर उतरली. मामाजींची खाज गेली असेल, शौचाचा रंग परत आला असेल, ताप नसेल आणि दर आठवड्याला बिलिरुबिनचा आकडा खाली येत असेल, तर नळी चालू आहे. डोळ्यांचा रंग मागाहून निवळेल. आकडा एकदा उतरून पुन्हा चढू लागला किंवा लघवी परत गडद झाली, तर ताप नसला तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या, ठरलेल्या ओपीडीपर्यंत थांबू नका.